काच बसवणारी बाई

बारामतीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, दोन स्टुलं, वर पंखा आणि भिंतीवर टांगलेली काचांची पाकिटं. काम करताना मी पंखा बंद ठेवते. उन्हाळ्यात गिऱ्हाईक वैतागतं. "बाई, पंखा तरी लावा की," म्हणतं. मी म्हणते, "पंखा पायजे का काच पायजे?" फोनवर काच बसवताना हवा हलली की धूळ उडते, आणि एक कण जरी आत गेला तरी तो काचेखाली फोडासारखा वर येतो. मग गिऱ्हाइकाची नजर जन्मभर तिथंच जाते. अख्खा फोन स्वच्छ असतो, पण त्याला दिसतो तो कणच.

हे काम सोपं आहे असं पुष्कळांना वाटतं. पाकीट फोडायचं आणि चिकटवायचं. तसं ते आहेही. चिकटवणं काही क्षणांचं काम आहे, वेळ जातो तो पुसण्यात. आधी ओल्या रुमालानं, मग कोरड्यानं, मग चिकटपट्टीनं एकेक कण टिपायचा. त्यानंतर काच कडेला धरून हळूच सोडायची. ती आपोआप पसरत जाते. पाणी वाळूत जिरावं तशी तिची कड पुढं सरकते. इतकी वर्षं झाली, पण ती पसरताना बघायला मला अजून आवडतं.

लोकांना वाटतं फोनच्या काचेवर किल्ल्यांनी आणि नाण्यांनी ओरखडे पडतात. किल्ली काचेपेक्षा मऊ असते, तिनं सहसा काही होत नाही. ओरखडे पाडते ती वाळू. आणि आमच्या भागात धुळीला तोटा नाही. सुप्याकडून माळावरचा वारा येतो, माळेगावात कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांमागं रस्ताच उठून चालायला लागतो. माणूस घरी येऊन फोन बनियनला पुसतो, बाई पदराला पुसते. पुसताना तोच वाळूचा कण काचेवर फिरतो. म्हणजे साफ करायला जावं आणि ओरखडा पडावा. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, आधी फुंकर घाला, मग पुसा.

ओरखडे घालवायला टूथपेस्ट चोळावी असंही कुणी कुणाला सांगत असतं. त्यानं ओरखडे जात नाहीत. काचेवरचा गुळगुळीत थर तेवढा जातो आणि बोट अडखळायला लागतं. माझ्याकडं असे पुदिन्याच्या वासाचे फोन येतात. मी वासावरूनच ओळखते.

मी या धंद्यात आले ती पायांमुळं. मी मूळची इंदापूरची, लग्न होऊन बारामतीला आले. एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात चेकर होते. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत राहायचं, आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की तिथं खूण करायची. काम मला आवडायचं, पण ते उभ्यानं करायचं होतं. पायांच्या शिरा फुगल्या आणि डॉक्टरांनी उभं राहणं बंद करायला सांगितलं. घरात कमावणारे आमचे हे होते, अडलं काही नव्हतं. पण रोज नजरेला काम असलेल्या बाईला भिंतीकडं बघत बसायचं म्हणजे कठीण जातं. मला तांदळातले खडेही पुरेनात.

अशात एकदा आईला भेटायला इंदापूरला गेले होते. तिथं युनूसभाईंचं मोबाइलचं दुकान होतं. माझ्या भावाचे ते दोस्त, म्हणून फोनला काच लावायला त्यांच्याकडं गेले. त्यांनी गप्पा मारत मारत काच लावली आणि फोन माझ्या हातात दिला.

"भाई, डाव्या कोपऱ्यात काहीतरी राहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "कुठं? मला तर काय दिसत न्हाय."

"हितं. केसाचा तुकडा हाय."

त्यांनी फोन दारात नेऊन उन्हात धरला. बराच वेळ बघितलं. मग हसत परत आले आणि काउंटरवरची चिकटपट्टी माझ्यापुढं सरकवली. "ताई, तुमाला दिसतोय ना, मग तुमीच काढा."

मी काचेची कड उचलली, पट्टीनं केस टिपला आणि काच परत सोडली. कारखान्यात मी चुका फक्त दाखवायची, त्या काढायचं काम पुढच्या टेबलाचं. त्या दिवशी पहिल्यांदा दाखवलेली चूक मीच काढली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच उभी राहिले.

युनूसभाई म्हणाले, "माझे डोळे आता साठीला आलेत. उद्यापासनं या. स्टूल देतो बसायला."

बारामती ते इंदापूर रोजचा प्रवास सुरू झाला. युनूसभाई मला रोज "जयभीम ताई" म्हणून आत घ्यायचे, चहा सांगायचे आणि एखादा रद्दी फोन पुढं टाकायचे. त्यावर मी काच लावायची, काढायची, परत लावायची. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं तेही त्यांनीच शिकवलं. "ताई, फोन हातात घेतला की आधी माणसाला इचारा, फोन ठिवता कुठं? मग काच कुठली द्यायची ते आपोआप कळतं." पुढं त्यांनी बारामतीत हे छोटं दुकान घेतलं आणि मला त्यात बसवलं. नंतर ते माझंच झालं. ते आता इंदापुरात नातवंडांत रमलेत. ईदला मी जाते, दिवाळीला ते येतात. आल्यावर त्यांच्या फोनची काच मला बघायला लावतात आणि मी नवी लावते. काच चांगली असली तरी लावते.

फोन ठेवता कुठं, हा प्रश्न विचारायला लागल्यापासून मला माणसांचे खिसे कळायला लागले. माळेगावचे एक तात्या ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर आहेत. त्यांच्या फोनची काच हंगामात सारखी खराब व्हायची. बघितलं तर शर्टाच्या एकाच खिशात फोन, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी.

"तात्या, शर्टाला खिसा एकच हाय का?"

"दोन हायत. दुसरा उसवलाय."

"मग शिवून घ्या, आणि त्यात फोन ठेवा एकटा."

तात्यांनी मान डोलवली. पण जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मग चुना एकटा पडंल की."

"तंबाखू हाय की जोडीला."

"व्हय, ती हाय," असं म्हणून ते गेले. पुढच्या वेळी आले ते फोन दाखवायला नाही, शिवलेला खिसा दाखवायला. त्यानंतर त्यांची काच टिकली. माझं एक गिऱ्हाईक कमी झालं म्हणावं, तर त्यांनी कारखान्यावरचे इतके ड्रायव्हर माझ्याकडं पाठवले की हंगामात माझ्या दुकानापुढं मळीचा वास सुटतो.

पण हे लिहायला बसले ते मुख्यतः उज्ज्वलाबद्दल सांगायला.

उज्ज्वला पिंपळीची. दोन-तीन वर्षांपूर्वी ती आईबरोबर दुकानात आली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते, बाळंतपणाला माहेरी आली होती. आईचं नाव सोनाबाई. सोनाबाईच बोलल्या.

"ताई, ह्या माझ्या लेकीला ऐकू येत न्हाय, बोलता बी येत न्हाय. जावई बी तसंच हायत. चाकणला कंपनीत असत्यात. ती दोगं फोनवर हातांनी बोलत्यात. आता फोनमदी नवरा दिसत न्हाय म्हणती."

मी फोन घेतला. काच नवी दिसत होती, चांगल्यापैकी होती. मी फोन समोर धरला, मधोमध जरा पुसट, पण चित्र दिसत होतं. मी सोनाबाईंना म्हणाले, "ह्यात तर काही बिघाड नाही."

उज्ज्वलानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ते तिला कळलं असावं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, काउंटरवरच्या डब्याला टेकवून उभा केला, दोन पावलं मागं सरकली आणि दोन्ही हात वर करून बोलायला लागली. मग थांबली आणि फोनकडं बोट केलं. मी तिच्या बाजूला जाऊन बघितलं. तिथून पडदा काळा होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपण बोलताना फोन हातात धरतो. तिला बोलायला दोन्ही हात लागतात, त्यामुळं तिचा फोन कायम कशाला तरी टेकवलेला असतो, तिरका. आणि तिच्या फोनला कुणीतरी प्रायव्हसी काच लावून दिली होती. शेजारच्या माणसाला आपला फोन दिसू नये म्हणून ही काच घेतात. समोरून बघितलं तर दिसतं, जरा बाजूनं किंवा तिरकं बघितलं की अंधार. महागाची म्हणून चांगली, असं समजून कुणीतरी प्रेमानंच लावून दिली असणार. पण तिचा नवरा त्या अंधारात गेला होता.

मी ती काच काढली. खाली मूळच्या काचेवर मधोमध धुक्यासारखा पट्टा होता. बारीक ओरखड्यांचा. सोनाबाईंना विचारलं तेव्हा कळलं, ही काच नव्हती तेव्हा फोन ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि बोलणं झालं की पदरानं खसाखसा पुसायचा. साधी काच लावली असती तर तो पट्टा तसाच दिसत राहिला असता. अशा वेळी आम्ही पातळ डिंकाची काच लावतो. डिंक ओरखड्यांत भरतो, निळ्या दिव्याखाली धरला की घट्ट होतो, आणि ओरखडे असून नसल्यासारखे होतात. त्यात एकच धोका असतो. डिंक ओघळून वरच्या बारीक भोकात गेला तर पलीकडच्याचा आवाज येईनासा होतो.

गिऱ्हाइकाला धोका आधी सांगायचा, हा माझा नियम. मी बाटली दाखवली, बोटानं ओघळ दाखवला, फोनचं भोक दाखवलं आणि माझ्या कानाला हात लावून हात हलवला. उज्ज्वलानं ते सगळं नीट बघून घेतलं. मग स्वतःच्या कानाला हात लावला, माझ्यासारखाच हलवला, आणि जाऊ दे आत, मला काय त्याचं, अशी मान उडवून इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. सोनाबाई मला म्हणाल्या, "लई दिसांनी हसली बगा."

डिंक भोकात गेला नाही, हे आपलं सांगून ठेवते.

काच झाल्यावर तिनं तिथंच नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. दिनेश त्याचं नाव. कंपनीच्या कपड्यात, कॅन्टीनच्या टेबलाशी बसलेला, पोरगेलसा चेहरा. दोघांचे हात भराभर चालले. मध्येच तिनं फोन माझ्याकडं वळवला. दिनेशनं हात जोडले. मीही जोडले. मग मी उज्ज्वलाला फोनवर फुंकर घालून दाखवली, आणि मगच पुसायचं असं समजावलं. तिनं ती फुंकर नवऱ्याला करून दाखवली. त्यानंही तिकडून फुंकर मारली.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सकाळी दुकान उघडून झाडत होते तेव्हा सोनाबाई गल्लीतून जवळजवळ पळत आल्या.

"ताई, चला. दवाखान्यात चला. फोन फुटला."

दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. मी हत्यारांची पिशवी आणि एक नवी काच उचलली, शटर ओढलं आणि निघाले. वाटेत त्यांनी सांगितलं ते असं. पहाटे कळा सुरू झाल्या. रिक्षातून उतरताना उज्ज्वलाच्या हातातून फोन निसटला तो दगडावर तोंडावर पडला. आत नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या. उज्ज्वला कुणाला अंगाला हात लावू देईना.

"तिला सांगितलं न्हाय का काय करायचंय ते?" मी विचारलं.

"सांगितलं की वो मी," सोनाबाई म्हणाल्या, आणि चालता चालता त्यांनी मला ते करून दाखवलं. एका हाताची सुरी केली आणि पोटावरून आडवी ओढली. "तवापास्नं ती भितीला पाठ लावून बसलीया. माझ्याकडं बी बगंना."

माय-लेकींची एक घरगुती खुणांची भाषा होती. जेव, झोप, ये, जा, ऊन आहे, पाहुणे आले. त्या भाषेत ऑपरेशनला शब्द नव्हता. लिहून दाखवावं तर उज्ज्वला शाळेत गेलेली नव्हती, तिला सहीपुरतीच अक्षरं यायची; हातांची पुरी भाषा तिला लग्नानंतर दिनेशनंच शिकवली होती.

डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या. तरुण होत्या, पण आवाज शांत होता. "बाळाचे ठोके कमी व्हायला लागलेत," त्या म्हणाल्या. "थोडी सवड आहे, फार नाही. वेळच आली तर आईच्या सहीवर मी तिला आत घेईन. पण भूल पाठीच्या कण्यात द्यायची असते, त्या वेळी तिनं जराही हलून चालत नाही. चौघींनी दाबून धरून ते करायची माझी इच्छा नाही. तिला कळायला हवं. ती सारखी त्या फोनकडं बोट दाखवतेय."

सिस्टरनी स्वतःचा फोन पुढं केला होता. पण दिनेशचा नंबर कुणालाच पाठ नव्हता, तो त्या फुटक्या फोनमध्ये होता. आणि नंबर मिळाला असता तरी, अनोळखी नंबर उचलून तो करणार काय, म्हणून तो तसले कॉल घेतच नसे.

फोन माझ्या हातात आला तेव्हा त्याच्यावर कोळ्याचं जाळं पसरावं तसे तडे गेले होते. मधोमध चुरा झाला होता. आतला उजेड दिसत होता, पण बोट लावलं की भलतंच काही उघडायचं. वरची काच फुटली की आतलीही, ते वरून सांगता येत नाही. आणि ही पातळ डिंकाची काच. साधी असती तर कोपऱ्यातून उचलून एका दमात काढली असती. डिंकाची काच फुटल्यावर अखंड निघत नाही, कपचा कपचा काढावी लागते.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. सिस्टरना विचारलं, "स्पिरिट हाय का? आणि कापूस? आणि जखमेची चिकटपट्टी?" स्पिरिटनं डिंक सुटतो. त्या क्षणी मला वाटलं, माझ्या धंद्याला लागणारं सगळं सामान दवाखान्यात असतंच की. सिस्टरनी ट्रेच आणून शेजारी ठेवला. कडेनं स्पिरिट सोडायचं, थांबायचं, पातळ पत्ती सारायची, सुटलेला चुरा चिकटपट्टीनं उचलायचा. पत्ती जोरात सारली तर आतली काच जाणार, हळू सारली तर वेळ जाणार. आत उज्ज्वलाचा घशातून येणारा आवाज ऐकू येत होता. तो आवाज तिला स्वतःला ऐकू येत नव्हता, म्हणून तो कुठं थांबवायचा हे तिला कळत नसावं. माझ्या बोटात कपची शिरली. सिस्टर म्हणाल्या, "बाई, रक्त येतंय." मी म्हटलं, "येऊ द्या. काचेवर पडलं तर पुसा."

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा मी कापसानं काच पुसली. खालची काच अखंड होती. डिंक गेल्यामुळं जुन्या ओरखड्यांचा तो धुक्याचा पट्टा तेवढा परत दिसायला लागला होता. नवी काच पिशवीत होती. मी ती काढलीच नाही. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला फोन उघडाच परत दिला, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

उज्ज्वलानं अंगठा लावला आणि फोन उघडला. दिनेश बहुधा केव्हापासून लावत असणार, कारण हातात आल्या आल्या फोन थरथरला. त्याचा चेहरा दिसला. तिला बोलायला दोन्ही हात हवे होते, म्हणून फोन मी धरला, सरळ, तिच्या डोळ्यांसमोर.

डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीमागं मोठ्या अक्षरांत लिहिलं, की बाळाचे ठोके कमी होत आहेत, ऑपरेशन करणं दोघांसाठी बरं, पाठीत सुई देऊ तेव्हा हलायचं नाही. तो कागद त्यांनी फोनपुढं धरला. दिनेश मूकबधिरांच्या शाळेत शिकलेला, त्यानं वाचलं. क्षणभर त्याचे हात खाली पडले. मग त्यानं ते वर उचलले.

त्यानं सुरी दाखवली नाही. त्यानं पोटापुढं दोन्ही तळवे मिटून धरले आणि दार उघडावं तसे ते हळूहळू उघडले. त्या दारातून काहीतरी लहानसं अलगद उचललं, छातीशी धरलं. मग दार परत लावून घेतलं, आणि त्यावरून हात फिरवला.

उज्ज्वला बघत होती. तिनं काही विचारलं. त्यानं उत्तर दिलं. तिनं परत विचारलं. त्यानं स्वतःच्या पाठीवर बोट टेकवलं, पाठ वाकवली, डोळे मिटले आणि दगडासारखा बसून दाखवलं.

दुसऱ्यांचं खाजगी बोलणं चाललं की आपण बाजूला होतो. मला त्यांचं पुढचं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी मी नजर खाली घातली. पण नजर खाली गेली की माझा हातही खाली जायचा, आणि उज्ज्वला माझ्या मनगटावर टिचकी मारायची. वर धर. मी वर धरायची. असं दोन-तीनदा झालं. मग मी बघतच राहिले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र ठाम होते. मी चिक्कार माणसांना फोनवर बोलताना बघितलंय, पण आवाज न कापता इतकं कुणाला सांगताना बघितलं नव्हतं.

तिनं सहीसाठी हात पुढं केला. आत जाताना सोनाबाईंच्या गालाला हात लावून गेली. पाठीत सुई दिली तेव्हा ती जरासुद्धा हलली नाही, असं सिस्टरनी मागून सांगितलं.

फोन माझ्याजवळ राहिला. दिनेश चाकणहून निघाला होता, वाटेतून सारखं लिहीत होता. मी लिहायची, अजून आत आहे. मग बंद दारापलीकडून रडणं ऐकू आलं. सोनाबाईंनी माझा हात धरला. मला एकदम जाणवलं, की हे रडणं आम्ही दोघींनी ऐकलं, आणि ज्यांचं ते लेकरू, त्या दोघांना ते ऐकू येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन दोघी ठीक आहेत म्हणून सांगितल्यावर मी दिनेशला लिहिलं, "मुलगी झाली. उज्ज्वला बरी आहे. मुलगी रडतेय."

त्यानं लिहिलं, "किती जोरात?"

मी थोडा विचार केला आणि लिहिलं, "कारखान्याच्या भोंग्याएवढं."

त्यानं आधी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मग आलं, "थँक्यू. अजून रडली की सांगा."

तो येईपर्यंत मी सांगत राहिले. रडली. झोपली. परत रडली. शिंकली. त्या दिवशी दुकान बंदच राहिलं.

माणसाला आपल्या कामाचा अभिमान असावा का, ते मला माहीत नाही. मी बसवते ती काच शेवटी फुटण्यासाठीच असते. तिनं ओरखडा घ्यायचा, मार घ्यायचा आणि कचऱ्यात जायचं. रोज संध्याकाळी माझ्याकडं अशा काचांचा ढीग साठतो. तो कुणी भंगारवाला घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. इतकी वर्षं फोन हाताळले, पण त्या फोनमध्ये कुणाला काय बघायचं असतं याचा फार विचार केला नव्हता, त्याचीही हळहळ आहे. बाकी तक्रार नाही. पायांनी दगा दिला म्हणून स्टूल मिळालं, युनूसभाईंसारखा माणूस मिळाला, कारखान्यात कमावलेली नजर फुकट गेली नाही. आता जवळचं दिसायला मलाही चष्मा लागतो. पण कण दिसतो.

उज्ज्वला आणि दिनेश बारामतीला आले की दुकानात येतात. मुलीचं नाव स्वरा. तिला ऐकू येतं, आणि ती दोन भाषा बोलते, आजीशी तोंडानं आणि आईबापांशी हातांनी.

मागच्या महिन्यात ती तिघं आली तेव्हा दिनेशनं मला वहीच्या पानावर लिहून समजावलं, की त्यांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खुणेचं नाव असतं. ते आपलं आपण ठेवायचं नसतं, दुसऱ्यांनी द्यावं लागतं, आणि मला ते त्यांनी कधीच दिलेलं आहे. मी हातानं विचारलं, कुठलं? त्यानं स्वराकडं बोट केलं.

स्वरानं आपला तळवा डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला, एक डोळा बारीक केला आणि तळव्यावरून पलीकडं बघितलं. काच लावून झाली की फोन असा धरून मी उजेडात बघते म्हणे. मी असं करते हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ती परत तशीच बघायला लागली, या वेळी जरा हट्टानं. दिनेश हसला आणि त्यानं वहीवर लिहिलं, ती तुम्हाला हाक मारतेय.

त्या भाषेत ओ कशी द्यायची ते मला अजून येत नाही. मी हात वर केला.